पांढरी छत्री दिसली की लगेच नाव ठोकू नका: पिंडा ओळखताना या चुका टाळा

श्रावण लागला की पुण्यातला प्रत्येक दुसरा माणूस गडावर जातो, आणि गडावर गेलेला प्रत्येक दुसरा माणूस रविवारी संध्याकाळी मला फोटो पाठवतो. फोटोत पांढऱ्या फुलांची एक छत्री, मागे धुकं, आणि खाली एकच ओळ: "काका, हे कोणतं?" पाच मिनिटांत उत्तर आलं नाही, तर प्रश्नचिन्ह. मग आणखी एक प्रश्नचिन्ह. तोवर त्याने मोबाइलच्या ॲपला विचारून स्टेटसवर काहीतरी इंग्रजी नाव चिकटवलेलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी तेच नाव त्याच्या चार मित्रांच्या फोटोंखाली दिसतं.

बहुतेक वेळा हे फूल पिंडाचं असतं. शास्त्रीय नाव पिंडा कोंकणेन्सिस, काही भागांत पंद म्हणतात. गाजर, कोथिंबीर, ओवा, बडीशेप यांच्या कुळातली, म्हणजे चामर कुलातली ही रानवनस्पती. पश्चिम घाट सोडून जगात कुठेही आपणहून उगवत नाही. जमिनीत कंद असतो. जूनच्या पावसात त्याला पानं फुटतात, ऑगस्ट-सप्टेंबरात गवताच्या वर छत्र्या डोलायला लागतात, आणि ऑक्टोबर सरता सरता वरचं सगळं वाळून जातं. सिंहगड, पुरंदर अशा हजार मीटरच्या वरच्या डोंगरांच्या उतारांवर ती दिसते. "बहुतेक वेळा पिंडा" हे खरं असलं तरी "नेहमी पिंडा" हे खरं नाही, आणि बहुतेकांची गाडी इथेच घसरते.

फक्त फुलाचा, तोही वरून, फोटो

ही माझी लाडकी चूक आहे. लाडकी अशासाठी, की दरवर्षी तीच बघावी लागते.

चामर कुलातली फुलं वरून बघितली तर एकमेकांची भावंडं वाटतात. पाच पाकळ्या, पाच पुंकेसर, फुलांच्या छोट्या छत्र्या आणि त्या छत्र्यांची मिळून एक मोठी छत्री. वरून काढलेल्या फोटोत एवढंच येतं. ओळख पटवणाऱ्या सगळ्या गोष्टी खालच्या बाजूला असतात: छत्रीच्या काड्या जिथून फुटतात तिथे हिरव्या पट्टीसारखी छदं आहेत की नाहीत, देठाचा बुंधा खोडाला कसा धरतो, जमिनीलगतची पानं कशी कापलेली आहेत. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे फळ. या कुळाच्या अभ्यासकाला एक पिकलं फळ द्या आणि बाकी झाड झाकून ठेवा, तो निदान प्रजातीपर्यंत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटापर्यंत, तरी पोचेल. उलट नुसतं फूल दिलं तर तो तुमच्याकडे बघत बसेल.

एका मुलाची गोष्ट सांगतो. हुशार मुलगा, नोकरी चांगली, कॅमेऱ्याची लेन्स माझ्या स्कूटरपेक्षा महाग. त्याने सिंहगडाच्या उतारावरून पांढऱ्या छत्रीचे ढीगभर फोटो आणले. सगळे वरून, सगळे देखणे, दवबिंदूंसकट. मी विचारलं, "पान कुठं आहे?"

"पान? पान काही खास नव्हतं, काका."

खास नव्हतं! मी म्हटलं, पुढच्या खेपेला पानाचा फोटो आण, मग बोलू. पुढच्या आठवड्यात फोटो आला. पान अखंड, बदामाच्या आकाराचं, टोकदार, शिरा एकाच ठिकाणाहून निघून टोकाकडे वळलेल्या. पानाखालून एक नाजूक वेल गेल्यासारखा दिसत होता, पण तिकडे कोण बघतो? पांढरी छत्री आणि बदामी पान असा जोड कुठल्याच पुस्तकात सापडेना, तेव्हा या गृहस्थांनी निष्कर्ष काढला की ही नवी जाती आहे. एवढ्यावर थांबला असता तर ठीक होतं. त्याने ते आपल्या ट्रेकिंगच्या ग्रुपवर जाहीर केलं, अभिनंदनं स्वीकारली, आणि जातीला कोणाचं नाव द्यावं यावर तिथे चर्चा सुरू झाली. बहुमत त्याच्या आजोबांच्या बाजूने होतं.

मी त्याला घेऊन आतकरवाडीच्या पायवाटेने वर गेलो. जागा त्याला बरोबर आठवत होती, हे कौतुकच. तिथे मी काहीही न बोलता फुलाचा दांडा दोन बोटांत धरला आणि बोटं खाली सरकवत नेली. गवत, तेरडा, चिखल, आणि मग बुंध्याशी पिंडाची कापलेली पानं, अर्धी गवतात दडलेली. बदामी पान होतं शेजारच्या करांद्याच्या वेलाचं. तो वेल दांड्याला टेकून वर चढला होता, आणि फोटोत त्याचं पान अगदी छत्रीखाली आलं होतं. मुलगा थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "ग्रुपवर काय सांगू?" ते मात्र मी त्याच्यावर सोडलं.

पावसाळ्यात डोंगरउतारावर वीतभर जागेत पाच-सहा जातींची पानं गुंतलेली असतात. त्यामुळे पान "जवळचं" आहे याला काही अर्थ नाही, ते त्याच दांड्याला जोडलेलं असलं पाहिजे. माझी सवय हीच: बोट फुलापासून बुंध्यापर्यंत, न उचलता. या कुळात एक सोयही आहे. बहुतेक जातींत देठाचा बुंधा रुंद होऊन खोडाला म्यानासारखा लपेटतो. हे म्यान दिसलं नाही, तर आधी आपण चुकीच्या पानाला धरलंय का ते बघावं, मग आजोबांचं नाव वगैरे.

फोटो काढायचेच असतील तर पूर्ण झाडाचा एक, छत्रीचा खालून एक, म्यानाचा एक, बुंध्याच्या पानाचा एक, आणि असलंच तर फळाचा. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा, म्हणजे मापाचा अंदाज येतो. दवबिंदूंचा फोटो शेवटी, वेळ उरला तर. फुलं असताना फळ नसतं ही तक्रार नेहमीची, पण तीही पुरती खरी नाही. एकाच उतारावर सप्टेंबरच्या मध्यात काही झाडं फुलात असतात, काही फळांवर आलेली असतात. चार पावलं चालायची तयारी हवी.

ॲपवर विसंबणं

मी ॲपच्या विरोधात नाही. माझ्याही फोनमध्ये आहे. पण सह्याद्रीतल्या पांढऱ्या छत्रीवर फोन धरला की बऱ्याचदा जंगली गाजर नाही तर हेराक्लियम या याच कुळातल्या प्रजातीतली युरोपातली एखादी जाती, असं उत्तर येतं. युरोप-अमेरिकेतल्या फुलांचे फोटो जगात सगळ्यांत जास्त, त्यामुळे हे होणारच. जंगली गाजर ओळखण्याची खूण सोपी आहे. त्याच्या मोठ्या छत्रीच्या बुडाशी लांब, फाटे फुटलेल्या छदांचा घेर असतो, आणि फळं धरल्यावर छत्री आत मिटून वाटीसारखी होते. हे दोन्ही तुमच्या फोटोत नसेल, तर ॲपने कितीही टक्के खात्री दिली तरी ते गाजर नव्हे. आणि छत्रीच्या बुडाचा फोटोच काढला नसेल, तर वरचा परिच्छेद पुन्हा वाचा.

गाजरगवत म्हणजे रानटी गाजर

ही दुसरी लाडकी चूक, आणि ही नुसती गमतीची नाही.

गाजरगवत, म्हणजेच काँग्रेस गवत, म्हणजेच पार्थेनियम, हे गाजराच्या कुळातलं नाही. पान गाजरासारखं कापलेलं असतं, साम्य तेवढंच. कूळ सूर्यफुलाचं. आपण ज्याला त्याचं एक पांढरं फूल म्हणतो तो अनेक बारीक फुलांचा गुच्छ असतो, आणि त्याच्या कडेला पाच ठिकाणी छोटे पांढरे कोपरे निघालेले दिसतात. काड्यांची छत्री नाही, देठाचं म्यान नाही. भारतात हे गवत पहिल्यांदा नोंदलं गेलं ते आपल्याच शहरातून. वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये पुण्यातली नोंद प्रसिद्ध केली. परदेशातून आलेल्या धान्याबरोबर त्याचं बी आलं असं मानतात. तेव्हापासून त्याने मोकळे प्लॉट, टेकड्यांचे पायथे, रेल्वेचे रूळ, कालव्याच्या कडा, काही सोडलं नाही. पुणेकराने तरी ते ओळखायला हवं.

कोथरूडच्या एका सोसायटीत फुलपाखरांसाठी बाग करायची ठरली. पुढाकार घेतला एका निवृत्त गृहस्थांनी. त्यांनी कुठेतरी वाचलं होतं की जंगली गाजराच्या फुलांवर कीटकांची झुंबड उडते. ते खरंच आहे. मग ते बाणेरच्या बाजूला एका रिकाम्या प्लॉटवर गेले, "जंगली गाजराची" रोपं मुळासकट काढून आणली, वाफ्यात ओळीने लावली, प्रत्येकाला काठीचा आधार दिला आणि लॅमिनेट केलेली पाटी रोवली: वन्य गाजर. झाडलोट करणाऱ्या मावशींनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "काका, काँग्रेस कशाला लावताय?" त्यांना कुळांविषयी एक छोटं व्याख्यान ऐकावं लागलं.

बागेच्या उद्घाटनाला मला बोलावलं. मी पाटी वाचली, वाफा बघितला, आणि नारळ फुटेपर्यंत तोंड बंद ठेवलं. नंतर गृहस्थांना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांना पटलं नाही. पटलं ते पुढच्या महिन्यात, कोपराच्या आतल्या बाजूला आणि मानेवर लाल चट्टे उठून खाज सुटली तेव्हा. त्वचेच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो बागेत काय लावलंय हाच. पार्थेनियमची ॲलर्जी अशीच असते. हात लावूनही होते, आणि हवेतून उडणाऱ्या बारीक केसांनी नि परागांनीही होते. एकदा झाली की पुन्हा पुन्हा डोकं वर काढते. तोवर वाफ्यातली रोपं फुलून बी झडलं होतं, आणि एका झाडाचं बी हजारांत मोजावं लागतं. पुढच्या पावसाळ्यात हिरवळीचा निम्मा भाग काँग्रेसचा होता. पाटी मात्र कोणीतरी आधीच काढून टाकली होती. मावशी त्यावर काही बोलल्या नाहीत.

काढायचं असेल तर फुलायच्या आधी, पावसाने माती मऊ असताना, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे घालून, मुळासकट. पावसाळ्यात पानांवर पिवळट पाठीचे, तपकिरी रेषांचे छोटे भुंगेरे दिसले तर त्यांना मारू नका. ते मूळचे मेक्सिकोचे, १९८० च्या दशकात याच गवतासाठी मुद्दाम भारतात आणून सोडलेले आहेत. आणि कुठल्याशा व्हिडिओत सांगतात तसं "ओळखण्यासाठी पान चुरगाळून वास घ्या" हे, समोर गाजरगवत नाही याची आधी खात्री झाल्याशिवाय करू नका. कोथिंबिरीच्या कुळात वास कामाला येतो, पण समोर गाजरगवत असेल तर तुम्ही त्याचा रस बोटांवर चोळून घेताय.

सगळ्या छत्र्या एकाच टोपलीत

पिंडा शिकली की माणसाला सगळीकडे पिंडाच दिसते. दोन गोष्टी बघायची सवय लावा.

पहिली, कडेची फुलं. पिंडाच्या छत्रीत कडेच्या फुलांच्या बाहेरच्या पाकळ्या आतल्यांपेक्षा बऱ्याच मोठ्या आणि टोकाशी दुभंगलेल्या असतात, त्यामुळे छत्रीला झालर लावल्यासारखी दिसते. पिंपिनेला प्रजातीतल्या जातींची छत्री विरळ नि किरकोळ असते, आणि ही झालर तिला नसते. आपल्या डोंगरांत पिंपिनेलाच्या अनेक जाती आहेत. राव आणि हेमाद्री यांनी वर्णन केलेली एक तर कात्रजचंच नाव घेऊन बसली आहे: पिंपिनेला कात्रजेन्सिस. बोगद्यातून रोज ये-जा करणाऱ्यांपैकी किती जणांना हे माहीत असेल? या जाती एकमेकींपासून वेगळ्या करायला फळावर लव आहे की ते गुळगुळीत आहे, हे भिंगातून बघावं लागतं. ज्यांना फळाची वाट बघायची नाही, त्यांनी "पिंपिनेलाची एक जाती" एवढंच लिहून गप्प बसावं. त्यात कमीपणा काहीच नाही.

दुसरी, रंग आणि फळाचं माप. बाफळी ही याच कुळातली दुसरी रानवनस्पती, पिंडापेक्षा थोराड, पानं मोठी, फुलं पिवळसर, आणि फळ चांगलं सेंटिमीटरभर, चपटं, कडेला पंखासारखी पातळ पट्टी असलेलं. गावाकडे बाफळीच्या कोवळ्या पानांची भाजी करतात, फळं औषधात वापरतात. म्हणूनच पिंडाला बाफळी म्हणून खुडून नेणारे शहरी रानभाजीवाले भेटले की माझं डोकं फिरतं. ज्यांच्या आज्यांनी ही भाजी केली त्या पान बुंध्यापासून ओळखत होत्या. तुम्ही ती एका रविवारच्या कार्यशाळेत शिकला आहात. फरक आहे.

चाखून बघणं

"वास कोथिंबिरीसारखा आहे, म्हणजे खाऊन चालेल." हे वाक्य मी खरोखर ऐकलंय, आणि बोलणारा इंजिनिअर होता.

जेवणातले किती स्वाद या कुळाने दिलेत ते सगळ्यांना माहीत असतं. सॉक्रेटिसला इसवी सनापूर्वी ३९९ मध्ये जे विष प्यावं लागलं ते हेमलॉकही याच कुळातलं, हे सोयीस्करपणे विसरलं जातं. ते सह्याद्रीत नाही. पण पुण्यातले आई-बाबा हल्ली उन्हाळ्यात मुलाकडे जर्मनीला नाही तर इंग्लंडला असतात, तिथे नदीकाठाने फिरायला जातात, आणि शेपूसारखं काही दिसलं की हात आपोआप पुढे होतो. तिथे हेमलॉक रस्त्याच्या कडेला उगवतं. खोडावर जांभळे डाग, वास उंदराच्या घाणीसारखा. तिथेच राक्षसी आकाराची एक हेराक्लियमही आहे. तिचा रस कातडीला लागून वर ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येतात. यामागची फ्युरोकुमारिन नावाची रसायनं या कुळात बऱ्याच वनस्पतींत असतात. त्यामुळे आपल्याकडेही पिंडाची नाही तर बाफळीची पानं हाताळली की मी खाली उतरण्याआधी बाटलीतल्या पाण्याने हात धुतो. कोणी हसलं तर हसू दे.

कंद उकरून कुंडीत लावणं

नका. वर हजार-बाराशे मीटरवरचं धुकं, उतारावरून निथळून जाणारं पाणी, आणि सात महिने कोरड्या जमिनीत झोपलेला कंद. खाली तुमची गॅलरी, रोजचा मगभर पाणी घालण्याचा उत्साह. कंद कुजतो. मग माणूस दुसरा आणायला जातो. शिवाय वनविभागाच्या हद्दीतून झाड उपटून आणणं हा छंद नाही, गुन्हा आहे.

बाकीच्या, पटापट

डिसेंबरात गडावर जाऊन "आम्हाला एकही पिंडा दिसली नाही" म्हणणं. ती जमिनीखाली आहे. सप्टेंबरात या, आणि शक्यतो रविवारी नको, पिठलं-भाकरीच्या रांगेत फुलांपेक्षा माणसं जास्त असतात.

जुन्या पुस्तकात "हेराक्लियम" दिसलं म्हणून ती वेगळी वनस्पती समजणं. वनस्पतिशास्त्रज्ञ डॅल्झेल यांनी पिंडाला त्या प्रजातीत घातलं होतं. मुखर्जी आणि कॉन्स्टन्स यांनी १९८६ मध्ये तिला पिंडा ही स्वतंत्र प्रजाती दिली. बाफळीचंही तसंच. डॅल्झेल आणि गिब्सन यांनी १८६१ मध्ये तिला गाजराच्या चुलतभावंडांत, पास्टिनाका प्रजातीत बसवलं, आणि नंतर तिचं घर बदलत गेलं. हे गिब्सन म्हणजे आपल्या दापोडीची सरकारी वनस्पतीबाग सांभाळणारे. बाग आता नाही, नाव राहिलं.

कारिवणा आणि जलब्राह्मी एकच समजणं. कारिवण्याची पानं गोलसर, मूत्रपिंडाच्या आकाराची, आणि तो चामर कुलातला आहे, छत्री दिसत नसली तरी. जलब्राह्मीची पानं बारकी, जाडसर, आणि तिचं कूळच वेगळं. "ब्राह्मी" म्हणून दोन्ही विकतात.

ओळख पटली नाही म्हणून थेट कोरेगाव पार्कातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या कार्यालयात फुलाचा एकच फोटो घेऊन जाणं. तिथे वाळवलेल्या नमुन्यांचा मोठा संग्रह आहे, जाणती माणसं आहेत, आणि त्यांनाही पान लागतं.

आधी घरी शिका

ज्यांना घाई आहे त्यांना हे आवडणार नाही. डोंगरावर जायच्या आधी एक हिवाळा कुंडीत धने लावा. दिवाळीनंतर, नेहमीसारखे हलकेच रगडून दोन फाकी करून. या कुळाचं फळ असं दोन सारख्या भागांत उकलतं, ते इथेच हातात कळतं. शेजारच्या कुंडीत शेपू. दोन्ही फुलू द्या. कोथिंबिरीच्या छत्रीत कडेच्या फुलांच्या बाहेरच्या पाकळ्या मोठ्या झालेल्या दिसतील, पिंडाची झालर म्हणतोय ती हीच, जरा लहान मापाची. शेपूची फुलं पिवळी आणि सगळी सारखी. देठाचं म्यान दोन्हीकडे आहे. स्वस्तातलं भिंग पुरतं. फेब्रुवारीपर्यंत फळं धरतात, ती हिरवी असताना एक, पिकल्यावर एक, अशी आडवी कापून बघा, तेलाच्या बारीक नळ्या दिसतील.

अडचण एकच आहे, आणि ती माझ्याकडेही दर वर्षी येते. कुंडीतली कोथिंबीर फुलेपर्यंत घरातलं कोणीतरी ती पोह्यांवर घालायला खुडून नेतं. त्या कुंडीवर खूण करून ठेवा, आणि स्वयंपाकासाठी मंडईतून वेगळी जुडी आणा.